उसना घेतलेला हात : कायरल ऑक्झिलरी समजून घेताना



बारावीच्या रसायनशास्त्रात हॅलोजन अनुजातांच्या धड्यात 'कायरल' हा शब्द येतो. चार वेगवेगळे गट जोडलेला कार्बन, अशी व्याख्या मुलं पाठ करतात आणि पुढे सरकतात. एकदा हा भाग शिकवून झाल्यावर एका मुलीने विचारलं, "सर, डावा आणि उजवा रेणू अर्धे-अर्धे तयार होतात म्हणता, मग औषध बनवणाऱ्यांना फक्त एकच कसा मिळतो? रेणूला काय डोळे असतात?"

प्रश्न अगदी रास्त होता. त्याचं उत्तर पाठ्यपुस्तकात नाही, पण ते बारावीच्या मुलाला समजण्यासारखं नक्की आहे. आजचा हा पाठ त्या उत्तराचा. पालकांनीही वाचावा, कारण यातलं बरंचसं स्वयंपाकघरात आणि औषधाच्या डब्यात सापडणार आहे.

आधी हात म्हणजे काय ते पाहू

डाव्या सोंडेच्या गणपतीची मूर्ती आरशासमोर ठेवा. आरशातला गणपती उजव्या सोंडेचा दिसतो. मूर्ती कशीही फिरवा, ती आरशातल्या मूर्तीसारखी होत नाही. आपल्या दोन तळहातांचंही तसंच. ज्या वस्तूची आरशातली प्रतिमा तिच्यावर तंतोतंत बसत नाही, ती वस्तू कायरल. हा शब्दच हात या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे.

कार्बनचे चार बंध सपाट कागदावरच्या अधिक चिन्हासारखे नसतात, ते चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांकडे जातात. व्हान्ट हॉफ आणि ल बेल यांनी १८७४ मध्ये ही कल्पना स्वतंत्रपणे मांडली. वर्गात मातीचा एक गोळा, चार टूथपिक आणि चार रंगांचे मणी घेऊन मुलांकडून एक प्रतिकृती आणि तिची आरशातली जोडीदार करून घ्या. मग म्हणा, "आता एकीवर दुसरी बसवून दाखवा." मुलं दहा मिनिटं झटतात. दोन रंग जुळतात, उरलेले दोन उलटे पडतात. व्याख्या दहादा घोकण्यापेक्षा हा अनुभव पक्का बसतो.

अशा जोडीला एनॅन्शिओमर म्हणतात. दोघांचा उत्कलनांक एक, द्रवणांक एक, पाण्यातली विद्राव्यता एक. फरक दिसतो तो ध्रुवित प्रकाश उलटसुलट दिशेला वळवताना आणि दुसऱ्या कायरल वस्तूशी गाठ पडल्यावर. आपलं नाक ही अशीच एक जागा आहे. स्पिअरमिंट जातीच्या पुदिन्याला त्याचा वास देणारा मुख्य रेणू म्हणजे कारव्होन. शेपूच्या बियांत, म्हणजे बाळंतशेपेतही कारव्होनच असतो, फक्त दुसऱ्या हाताचा. सूत्र तेच, बंध तेच, पण वास वेगळा! कारण नाकातले ग्राही प्रथिनांचे असतात आणि प्रथिनं एकाच हाताच्या अमिनो आम्लांची बनलेली असतात.

औषधाचं काय?

सर्दी-ॲलर्जीवरची सेटिरिझिनची गोळी बहुतेक घरांत असते. तिच्यात दोन्ही हातांचे रेणू निम्मे-निम्मे असतात. लेव्होसेटिरिझिन म्हणजे त्यातला एकच हात, जो मुख्यतः काम करतो. म्हणून मोठ्यांसाठी एक गोळी सामान्यतः १० मिलिग्रॅमची आणि दुसरी ५ मिलिग्रॅमची असते. (पालकांनी यावरून स्वतःच डोस ठरवू नये, ते काम डॉक्टरांचं.)

इथे शिक्षकांसाठी एक कळीची गोष्ट. या धड्यात आपण थॅलिडोमाइडची गोष्ट हमखास सांगतो. पश्चिम जर्मनीत १९५७ मध्ये हे औषध बाजारात आलं, गरोदर स्त्रियांनी ते मळमळीवर घेतलं, हातापायांत गंभीर व्यंग असलेली दहा हजारांहून जास्त बाळं जगभरात जन्मली आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये तिथे औषध मागे घेतलं गेलं. इथपर्यंत सगळं खरं. पुढे आपण म्हणतो, "एक हात औषध होता, दुसरा विष. फक्त चांगला हात दिला असता तर ती मुलं वाचली असती." मीही अनेक वर्षं असंच सांगत होतो.

ते बरोबर नाही. दोन हातांचे परिणाम वेगळे असावेत असं १९७९ मध्ये प्राण्यांवरच्या प्रयोगांतून सुचवलं गेलं होतं. पण थॅलिडोमाइडचा एक हात शरीरात काही तासांतच दुसऱ्या हातात बदलू लागतो. त्याचा कायरल कार्बन कार्बोनिल गटाच्या शेजारी आहे. तिथला हायड्रोजन आम्लधर्मी असल्याने सहज सुटतो आणि पुन्हा जोडला जाताना कोणत्याही बाजूने येऊ शकतो. म्हणजे शुद्ध 'चांगला' हात दिला असता तरी धोका टळला नसता. आपली सोपी गोष्ट ऐकून मुलांना वाटतं की हात निवडला की काम संपलं. खरं तर हात घडवणं हे एक काम आणि तो टिकवणं हे दुसरं. हे दुसरं काम पुढे पुन्हा भेटणार आहे, तेव्हा लक्षात ठेवा.

मोजा आणि बूट

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. अर्धे-अर्धे का तयार होतात?

वर्गात एक मोजा आणि एक बूट आणा. मुलाला डोळे मिटून आधी मोजा चढवायला सांगा. डाव्या पायात जातो, उजव्याही जातो, सारख्याच सहजतेने. मग बूट द्या. उजवा बूट उजव्या पायात सरकतो आणि डाव्या पायात बोचतो. डोळे मिटलेलेच होते, तरी फरक कळला!

प्रयोगशाळेतले बहुतेक साधे अभिकारक मोज्यासारखे असतात, त्यांना स्वतःचा हात नसतो. सपाट कार्बनवर ते वरून येतात किंवा खालून येतात. वरून आले तर एक हात, खालून आले तर दुसरा. दोन्ही वाटांना लागणारी ऊर्जा अगदी समान असते, कारण त्या वाटा एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा आहेत. म्हणून मिळतं ५०:५० मिश्रण, ज्याला रॅसेमिक मिश्रण म्हणतात. रेणूला डोळे लागत नाहीत, बूट लागतो.

हा बूट आणायचा कुठून? निसर्गाकडून. डाळी-दुधातल्या प्रथिनांत असणारं व्हॅलिन हे अमिनो आम्ल एकाच हाताचं मिळतं. झाडापासून काढलेला कापूरही एकाच हाताचा असतो (आरतीचा कृत्रिम कापूर बहुधा मिश्र असतो). असा तयार हात उसना घ्यायचा, आपल्या रेणूला तात्पुरता जोडायचा, त्याच्या आधाराने नवा कायरल कार्बन घडवायचा आणि काम झालं की उसनं परत करायचं. या उसन्या हाताला म्हणतात कायरल ऑक्झिलरी.

मुलांना मी सेंट्रिंगचं उदाहरण देतो. स्लॅब टाकताना आधी फळ्या आणि टेकू लावून सेंट्रिंग करतात. काँक्रीटला आकार सेंट्रिंग देते, पण घरात राहायला येते ती सेंट्रिंग नव्हे. स्लॅब पक्का झाला की ती काढतात आणि तोच माल पुढच्या साइटवर जातो. ऑक्झिलरीचं अगदी तसंच आहे.

एक खरं उदाहरण

या पद्धतीचं सर्वांत गाजलेलं उदाहरण अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ डेव्हिड इव्हान्स यांचं. त्यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ऑक्झॅझोलिडिनोन या पाच सदस्यांच्या वलयाचा ऑक्झिलरी म्हणून उपयोग केला. त्याआधी १९७५ मध्ये ई. जे. कोरी यांनी मेंथॉलच्या कुळातला एक रेणू असाच वापरला होता. पुढे वोल्फगांग ओपोल्झर यांनी कापरापासून ऑक्झिलरी बनवली.

इव्हान्स पद्धतीच्या पायऱ्या अशा :

१. व्हॅलिनचं क्षपण करून व्हॅलिनॉल हे अल्कोहोल मिळवायचं आणि त्यापासून ऑक्झॅझोलिडिनोनचं वलय बनवायचं. व्हॅलिनचा हात या वलयात जसाच्या तसा राहतो. वलयावर आयसोप्रोपिल गट एका बाजूला उभा असतो, कुंपणासारखा.

२. वलयातल्या नायट्रोजनला प्रोपिऑनिक आम्लाचा गट जोडायचा. या आम्लाला स्वतःचा हात नाही.

३. उणे ७८ अंश सेल्सिअसला, म्हणजे कोरड्या बर्फाच्या थंडीत, एलडीए हा तीव्र आम्लारी घालायचा. तो कार्बोनिलशेजारचा हायड्रोजन काढतो आणि एनोलेट नावाचा सपाट आयन तयार होतो. सपाट म्हणजे वरची आणि खालची अशा दोन बाजू आल्या.

४. आता बेन्झिल ब्रोमाइड घालायचं. आयसोप्रोपिलचं कुंपण असलेल्या बाजूने त्याला येता येत नाही, ते मोकळ्या बाजूने येतं. नव्या कायरल कार्बनचा हात ठरला.

५. शेवटी ऑक्झिलरी सोडवायची. हाती येतं एकाच हाताचं २-मिथिल-३-फिनिलप्रोपॅनोइक आम्ल, आणि ऑक्झॅझोलिडिनोन पुन्हा वापरायला परत.

उलट हाताचं आम्ल हवं असेल तर उलट हाताच्या व्हॅलिनपासून सुरुवात करायची. बाकी कृती तीच.

नुसतं कुंपण पुरत नाही

इथे हुशार मुलं अडवतात, आणि अडवायलाच हवं. "सर, कुंपण एका बाजूला आहे हे खरं, पण एकेरी बंधाभोवती रेणू फिरतो ना? मग समोरची बाजू बदलेल की."

यासाठी एक प्रतिकृती करा. खोक्याचा, नळ्या असलेला पुठ्ठा घ्या. त्याचे दोन तुकडे शेजारी ठेवून नळ्यांतून विणकामाची एकच सुई आरपार ओवा. उजवा तुकडा सुईला पक्का चिकटवा, तो आपला ऑक्झिलरी. डावा सैल ठेवा, तो एनोलेट. डाव्याची एक बाजू लाल रंगवा, दुसरी निळी. उजव्या तुकड्यावर एक छोटं छत असं चिकटवा, की ते डाव्या तुकड्याच्या वर येईल. डाव्याला गिरकी घेता येईल एवढं छत उंच हवं.

आता डावा तुकडा फिरवा. कधी लाल बाजू छताखाली, कधी निळी. खालून कागदाचा बोळा मारला तर दोन्ही रंगांना लागतो. छत असूनही निवड होत नाही! आता दोन्ही तुकड्यांना सांधणारी एक पट्टी क्लिपने लावा. गिरकी थांबली, लाल बाजू कायम छताखाली, बोळा दरवेळी निळ्यालाच लागतो.

खऱ्या रेणूत ही क्लिप म्हणजे लिथियमचा आयन. तो एका हाताने एनोलेटचा ऑक्सिजन आणि दुसऱ्या हाताने वलयावरच्या कार्बोनिलचा ऑक्सिजन धरून ठेवतो. शिवाय एनोलेटमधल्या दुहेरी बंधावर मिथिल गट दोन प्रकारे बसू शकला असता. त्यातल्या एका प्रकारात तो ऑक्झिलरीला धडकतो, म्हणून जवळपास सगळा एनोलेट दुसऱ्या, म्हणजे झेड प्रकारचाच बनतो. तेव्हा मुलांच्या वहीत तीन गोष्टी लिहून द्या : दुहेरी बंधाची रचना एकच हवी, गिरकी थांबायला हवी आणि एक बाजू झाकलेली हवी. यातली एक जरी सुटली तरी मिश्रण मिळतं.

घाटाची गोष्ट आणि थोडं गणित

ऊर्जेच्या भाषेत हेच कसं सांगायचं? पलीकडच्या गावी जायला एकसारख्या उंचीचे दोन घाट असतील तर निम्मे लोक इकडून जातील, निम्मे तिकडून. ऑक्झिलरी जोडली की दोन वाटा एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा राहत नाहीत. उजव्या हाताने उजव्याशी हस्तांदोलन आणि उजव्या हाताने डाव्याशी हस्तांदोलन करून पाहा, दोन्ही पकडी वेगळ्या लागतात. अशा जोड्यांना डायस्टिरिओमर म्हणतात, आणि त्यांच्या ऊर्जा वेगळ्या असू शकतात. थोडक्यात, एक घाट उंच झाला.

किती उंच लागतो? दोन घाटांच्या उंचीतला फरक भागिले आर टी, ही संख्या ई या पायावर घात म्हणून चढवली की उत्पादांचं गुणोत्तर मिळतं. फरक मोलला ७.४५ किलोज्यूल धरा. २५ अंशांना, म्हणजे २९८ केल्विनला, गुणोत्तर येतं साधारण २०:१, म्हणजे ९५:५. तोच फरक उणे ७८ अंशांना, म्हणजे १९५ केल्विनला, ९९:१ देतो. कोरडा बर्फ कशासाठी ते मुलांना इथे कळतं. थंडीत उंच घाट चढण्याइतकी ताकद फार थोड्या रेणूंत उरते. हे उदाहरण फळ्यावर जरूर सोडवा, अकरावी-बारावीची मुलं गणकयंत्रावर सहज करतात.

आणखी एक फायदा आहे. उरलेला १ टक्का चुकीचा हातही ऑक्झिलरी जोडलेली असतानाच वेगळा करता येतो. एनॅन्शिओमरचे भौतिक गुणधर्म सारखे असतात, डायस्टिरिओमरचे नसतात. त्यामुळे साध्या स्तंभ-वर्णलेखनाने किंवा स्फटिकीकरणाने दोन्ही निराळे होतात. तांदळातून खडे निवडता येतात, पण तांदळातून तसाच तांदूळ कसा निवडणार?

सेंट्रिंग काढतानाची काळजी

आता थॅलिडोमाइडची आठवण काढा. तिथे कार्बोनिलशेजारचा हायड्रोजन सुटून हात बदलत होता. आपण घडवलेला नवा कायरल कार्बनही कार्बोनिलच्या शेजारीच आहे! मग तो का उलटत नाही?

एक कारण रेणूच्या ठेवणीत आहे. बेन्झिल गट जोडल्यावर जागा इतकी दाटते, की उरलेला हायड्रोजन आम्लारीला सहज काढता येईल अशा कोनात येतच नाही. दुसरं कारण रसायनज्ञाची काळजी. ऑक्झिलरी काढायला सहसा लिथियम हायड्रॉक्साइड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांचं द्रावण शून्य अंशांच्या आसपास वापरतात. नुसतं हायड्रॉक्साइड वापरलं तर ते काही वेळा वलयाच्याच कार्बोनिलवर हल्ला करतं आणि ऑक्झिलरी फुटते. पेरॉक्साइडचा आयन नेमका बाहेरच्या कार्बोनिलला गाठतो. घाई करून जास्त तापवलं, जास्त तीव्र आम्लारी घातला, तर कमावलेला हात गमावण्याची भीती असते. सेंट्रिंग लवकर किंवा धसमुसळेपणाने काढली तर स्लॅबचं काय होतं, हे गवंड्याला विचारा.

मर्यादाही सांगू या

मुलांना कोणतीही पद्धत जादू म्हणून शिकवू नये. ऑक्झिलरीत जेवढे रेणू घडवायचे तेवढेच उसने हात लागतात, एकास एक. शिवाय जोडणे आणि काढणे या दोन पायऱ्या वाढतात. प्रयोगशाळेत काही ग्रॅमसाठी हे परवडतं, कारखान्यात टनावारी करताना दरवेळी परवडत नाही. नसांच्या वेदनांवर दिलं जाणारं प्रीगॅबालिन एकाच हाताचं औषध आहे. ते सुरुवातीला प्रयोगशाळेत इव्हान्स ऑक्झिलरी वापरून बनवलं गेलं. मोठ्या प्रमाणावरच्या उत्पादनासाठी मात्र पुढे विकराची पद्धत आली.

थोडासा कायरल उत्प्रेरक हजारो रेणूंना हात देऊ शकला तर उत्तमच. या कामासाठी २००१ मध्ये नोल्स, नोयोरी आणि शार्पलेस यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. लहान सेंद्रिय रेणूंनाच उत्प्रेरक बनवण्यासाठी २०२१ मध्ये लिस्ट आणि मॅकमिलन यांना मिळालं. तरीही नवा, गुंतागुंतीचा रेणू पहिल्यांदाच घडवताना, नेमका कोणता हात मिळणार याची खात्री हवी असेल, तर रसायनज्ञ आजही ऑक्झिलरीकडे वळतात. भरवशाचा शेजारी जसा अडीनडीला आठवतो, तसं.

शिकवताना घ्यायची काळजी

तीन चुका वारंवार होतात. पहिली, आर-एस ही नावं आणि प्रकाश उजवीकडे-डावीकडे वळवणं यांचा थेट संबंध जोडणं. लेव्होसेटिरिझिन प्रकाश डावीकडे वळवतं, पण त्याचं नाव आर आहे. दुसरी, "डावा हात वाईट, उजवा चांगला" असं सरसकट सांगणं. चांगलं-वाईट समोरच्या ग्राहीवर ठरतं. तिसरी, थॅलिडोमाइडची अर्धी गोष्ट. ती पूर्ण सांगा. मुलांना पूर्ण गोष्ट झेपते, उलट तीच जास्त आवडते.

त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी मोजा-बूट आणि पुठ्ठ्याची प्रतिकृती दाखवली. तिने स्वतः क्लिप लावली, बोळा मारला आणि म्हणाली, "म्हणजे सर, रेणूने निवडलंच नाही. आपण त्याची एक वाट बंद केली." एवढं वाक्य वर्गातल्या प्रत्येक मुलाला आपल्या शब्दांत म्हणता आलं, की हा पाठ झाला असं समजायला हरकत नाही.

पालकांनो, तुम्ही रविवारी एवढंच करा : पुदिन्याची दोन पानं आणि चिमूटभर बाळंतशेप चुरडून मुलाच्या नाकाशी धरा आणि विचारा, "दोन्हीत एकच रेणू आहे, फक्त हात वेगळा. मग वास वेगळा का?" पुढचं संभाषण आपोआप होईल.